'थांबावंसं वाटतं' असा रकाना नसल्याबाबत

प्रति,
मा. डॉ. ओ. एव्हरवाइन,
प्रमुख, रक्तवाहिनी शस्त्रक्रिया विभाग,
विभागीय रुग्णालय, नदीकाठ.

अर्जदार : एखबर्ट वेसेलिंक, वय ७१, निवृत्त पूलरक्षक, राहणार कालवाघाट, हाटेम.

दिनांक : १७ नोव्हेंबर १९९४

विषय : माझा उजवा पाय चालू स्थितीत असून मी श्रीमती ब्राखमान यांच्या दुकानासमोर थांबतो तो स्वखुशीने थांबतो, असा दाखला मिळणेबाबत, तसेच आपल्या अभ्यासाच्या तक्त्यातील माझी चुकीची नोंद दुरुस्त करणेबाबत.

संदर्भ : १) सन १९९१ ची माझी बायपास शस्त्रक्रिया.
२) डिसेंबर १९९२ मध्ये सदर बायपासच्या नळीतील गुठळी औषधाने विरघळवल्याची कार्यवाही.
३) या सप्टेंबरातील तपासणी.
४) आपल्या बाह्यरुग्ण विभागातील कुमारी रिन्स्के यांनी खिडकीतून दिलेले तोंडी उत्तर.

महोदय,

वरील विषयी आपणांस लिहिण्याचे धाडस करतो, कारण खिडकीवर दोनदा जाऊन आलो आणि दोन्ही वेळा खिडकीनेच मला परत पाठवले. अर्ज लांबला आहे याची मला जाणीव आहे. थोडक्यात लिहून पाहिले, पण थोडक्यात लिहिले की वेड्यासारखे दिसते. सविस्तर लिहिले की निदान कारण तरी दिसते.

१. मी हाटेमच्या कालव्यावरचा पूल उचलण्याचे व खाली घेण्याचे काम निवृत्तीपर्यंत केले. बोट आली की पूल वर, बोट गेली की पूल खाली. त्यामुळे काय उघडे आहे आणि काय बंद आहे हे मला इतरांपेक्षा जरा जास्त कळते, असा माझा समज होता. तो समज माझ्या उजव्या पायाने आणि त्यानंतर एका बाईने, असा दोन टप्प्यांत दूर केला. सदर अर्ज दुसऱ्या टप्प्यासंबंधी आहे, पण पहिला सांगितल्याशिवाय दुसरा कळणार नाही.

२. सन १९९१ च्या आधी माझी पोटरी चालताना आवळून येत असे. थोडे चालावे, थांबावे, कळ ओसरू द्यावी, पुन्हा चालावे. भर बाजारपेठेत माणूस नुसता उभा राहिला की लोक विचारतात, म्हणून मी दुकानांच्या काचेतून आत पाहत उभा राही. बेकरी, बँक, घड्याळवाला, सगळ्यांच्या काचा पाहून झाल्या. आपणच पहिल्या भेटीत हसून म्हणालात, "वेसेलिंक, याला आपल्याकडे शोकेसपाय म्हणतात." तोवर मला वाटत होते की ही युक्ती मी एकट्याने शोधली. आजाराचे नावच तसे आहे म्हटल्यावर मला थोडे वाईट वाटले, पण ते असो.

३. आपण जांघेपासून गुडघ्याखालपर्यंत नळी बसवलीत आणि रक्ताला दुसरी वाट करून दिलीत. मी चालू लागलो. दीड वर्ष गावात कोणाच्याही काचेत मी डोकावलो नाही. मग १९९२ च्या शरद ऋतूत ती नळी आतून तुंबली. कालव्यात गाळ बसतो तशी गुठळी बसली, हे नंतर आपण चित्र काढून समजावलेत. मला त्या वेळी एवढेच कळले की पूर्वीपेक्षाही कमी चालता येते आहे. घरातून निघालो की कळ येई ती नेमकी श्रीमती हिलेखोंडा ब्राखमान यांच्या दुकानासमोर. त्याच्या पुढे नाही, अलीकडे नाही.

४. येथे सदर दुकानाचे स्वरूप नमूद करणे भाग आहे. सदर दुकान स्त्रियांच्या आतल्या कपड्यांचे आहे. काचेत कंबरपट्टे, चोळ्या आणि एक डोके नसलेली लाकडी बाई. एक निवृत्त सरकारी नोकर, चर्चमध्ये तिसऱ्या रांगेत बसणारा, रोज सकाळी दहा वाजता तेथे उभा राहून ते सर्व एकटक पाहतो आहे, हे दृश्य गावाला कसे दिसले असेल याची आपण कल्पना करावी. मी खाली पाहिले तरी खालच्या फळीवर मोजे होते. आता माणसाने पाहायचे तरी कुठे?

५. श्रीमती ब्राखमान या विधवा असून वयाने माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहेत. तोंडाच्या फटकळ आहेत. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला काचेतून नुसते पाहिले. दुसऱ्या आठवड्यात दार उघडून म्हणाल्या, "वेसेलिंक, कुणासाठी घ्यायचंय का काही? माप माहीत असेल तर सांगा, नसेल तर लाजू नका, नवऱ्यांना कुणालाच माहीत नसतं." मी म्हणालो, माझी पत्नी जाऊन अकरा वर्षे झाली. तर म्हणाल्या, "मग कॉफी घ्या. काचेला नाक लावून उभं राहण्यापेक्षा ते बरं."

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी बाहेर एक स्टूल ठेवले. कॉफीबरोबर एक बिस्कीट देत आणि डब्याचे झाकण लगेच लावत, आपल्याकडची ती रीतच आहे. पण एके दिवशी झाकण उघडेच राहिले. डॉक्टरसाहेब, आपण शहरातले आहात, तरी याचा अर्थ आपणांस वेगळा सांगायला नको. त्याच आठवड्यात त्या मला 'वेसेलिंक' म्हणायचे सोडून 'एखबर्ट' म्हणू लागल्या आणि 'अहो'वरून 'अरे'वर आल्या.

६. आपण मला त्या वेळी रागावून विचारले होतेत, "इतके आठवडे पाय दुखत होता तर लगेच का नाही आलात? गुठळी ताजी असते तेव्हा औषध नीट लागतं." मी म्हणालो होतो की कामे होती. खरे काम एवढेच होते. मला तेथे बरे वाटत होते. पायात कळ होती आणि तरी बरे वाटत होते, हे त्या वेळी आपल्या टेबलासमोर सांगणे मला जमले नाही.

७. डिसेंबरात आपण मला भरती केलेत. डाव्या जांघेतून बारीक नळी घालून ती उजव्या पायाच्या तुंबलेल्या नळीपर्यंत नेलीत आणि गुठळी विरघळवणारे औषध थेंबाथेंबाने सोडलेत. मला पाठीवर उताणे, न हलता पडून राहायचे होते. उठायचे नाही, पाय वाकवायचा नाही, कूस बदलायची नाही. त्याच दिवसांत सिंट निकोलासचा सण आला. मासेवाला वोपके भेटायला आला आणि त्याने श्रीमती ब्राखमान यांच्याकडून चॉकलेटचे एक अक्षर आणले. सणाला ज्याच्या त्याच्या नावाचे अक्षर देतात, तसे ते होते 'ए'. आडनावाचे नव्हे, नावाचे. मी ते उताणे पडून खाल्ले आणि सगळे गळ्यावर सांडले. परिचारिका घाबरली, तिला वाटले रक्त आले. त्या रात्री पाय ऊन झाला. दुसऱ्या दिवशी आपण चित्रात पाहून म्हणालात की नळी मोकळी झाली, आणि जिथे अरुंद होती तिथे फुगा फुगवून रुंदही केली. मी आजवर पाहिलेल्या उघडण्यांत हे सर्वांत सुंदर उघडणे होते, असे मी आपणांस तेव्हाही म्हणालो होतो आणि आजही म्हणतो.

८. येथून घोटाळा सुरू होतो.

घरी सोडताना मला लेखी सूचना मिळाली की रोज एक तास, न थांबता, चालावे. 'न थांबता' या शब्दांखाली रेघ होती. मी जन्मभर सूचनांवर पूल चालवला आहे. सूचनेत 'न थांबता' असेल तर मी थांबत नाही. मी सकाळी दहाला निघालो आणि बेकरीपासून चर्चपर्यंत सरळ चालत गेलो. वाटेत श्रीमती ब्राखमान यांचे दुकान लागले. त्या दारात उभ्या होत्या, स्टूल बाहेर होते, हातात कप होता. मी टोपी उचलली आणि पुढे गेलो. मला इतका आनंद झाला होता की मी जवळजवळ धावत होतो.

दुसऱ्या दिवशीही तसेच. तिसऱ्या दिवशी स्टूल आत गेले. चौथ्या दिवशी मी यायच्या वेळेला दुकानाचा पडदा खाली होता. आपल्या गावात दिवसा पडदा कोण ओढतो? घरात मयत असेल तर, किंवा लपवण्यासारखे काही असेल तर. सगळ्या बाजारपेठेने तो पडदा पाहिला आणि सगळ्यांनी मग माझ्याकडे पाहिले.

९. मी खुलासा करायला दुकानात गेलो. ही माझी चूक झाली हे मान्य करतो, पण माणूस खुलासा करणार नाही तर काय करणार? आत दोन गिऱ्हाइके होती. मी टोपी काढून सर्वांसमक्ष सांगितले की मी समोर उभा राहत होतो तो माझ्या आजारामुळे, या आजाराला शोकेसपाय म्हणतात, डॉक्टर एव्हरवाइन यांनी नळी मोकळी केली असून आता थांबण्याची गरज उरलेली नाही, तरी गैरसमज नसावा.

श्रीमती ब्राखमान यांनी हातातली चोळी नीट घडी करून ठेवली. म्हणाल्या, "असं होय. म्हणजे पाय थांबत होता. मला वाटलं तू थांबत होतास."

मग गिऱ्हाइकाकडे वळून म्हणाल्या, "याच्यात एक माप मोठं देऊ का?" आणि मला म्हणाल्या, "या आता तुम्ही, श्री. वेसेलिंक."

पुढच्या वर्षीच्या सिंट निकोलासला मला पुन्हा चॉकलेटचे अक्षर आले. ते 'डब्ल्यू' होते. मी ते खाल्ले नाही. ते अजून कपाटात आहे आणि पांढरे पडले आहे.

१०. तेव्हापासून मी रोज सकाळी दहाला सदर दुकानासमोर मुद्दाम थांबतो. पाय दुखत नसताना थांबतो. पाऊस असला तरी थांबतो. माझी अपेक्षा अशी होती की हे कधीतरी लक्षात येईल. लक्षात येते, पण उलटे येते. मी उभा राहिलो की त्या दार अर्धे उघडून अगदी गोड आवाजात विचारतात, "पाय का हो, श्री. वेसेलिंक? रुग्णालयात फोन करू?" मी म्हणतो, पाय ठणठणीत आहे. त्या म्हणतात, "असं कसं? ठणठणीत असतो तेव्हा तर तुम्ही थांबत नाही. तुमच्याच तोंडून ऐकलंय मी."

याला उत्तर काय? आपण शिकलेले आहात, आपणच सांगावे. मी एकदा पाय बरा असल्याचे दाखवण्यासाठी तेथेच फुटपाथवर उजव्या पायावर चार उड्या मारल्या. वोपके मासेवाला गाडीवरून ओरडला, "वेसेलिंक, नाचायचंच असेल तर बाजाराच्या दिवशी नाच, माझे हेरिंग तरी खपतील." आतून हसल्याचा आवाज आला असे मला वाटले. वोपके म्हणतो की लाकडी बाई पडली.

११. या परिस्थितीत मला सुचलेला एकमेव उपाय म्हणजे सरकारी शिक्क्याचा दाखला. माझ्या बोलण्यावर त्यांचा विश्वास नाही, आणि का असावा, मीच तो घालवला. आपल्या शिक्क्यावर मात्र त्यांचा विश्वास बसेल. म्हणून मी सप्टेंबरात कुमारी रिन्स्के यांच्या खिडकीवर गेलो. त्यांनी प्रथम माझी नेहमीची प्रश्नावली भरून घेतली. आपण गुठळी विरघळवलेल्या सर्व रुग्णांचे पुढे काय होते, नळी किती काळ मोकळी राहते, याचा दीर्घ मुदतीचा अभ्यास करीत आहात हे मला ठाऊक आहे आणि त्यात मी असल्याचा मला अभिमान आहे. कुमारी रिन्स्के यांनी विचारले, "चालताना मध्ये थांबता का?"

मी खोटे बोलत नाही. म्हणालो, "हो. रोज."

"कुठे?"

"श्रीमती ब्राखमान यांच्या दुकानासमोर."

"नेहमी तिथेच? किती वेळ?"

"त्या आत जाईपर्यंत."

त्यांनी काहीतरी लिहिले आणि मला ताबडतोब सोनोग्राफीला पाठवले. सोनोग्राफीत नळी स्वच्छ मोकळी निघाली. तरीही आपल्या खोलीतल्या भिंतीवरच्या तक्त्यात मी तेव्हापासून लाल ठिपक्यांत आहे, म्हणजे ज्यांचा त्रास परत आला त्यांत. हे मी बूट घालताना स्वतः पाहिले. मी परत खिडकीवर जाऊन म्हणालो, माझा ठिपका हिरवा करा, मला थांबावे लागत नाही, मी आपला थांबतो. कुमारी रिन्स्के शांतपणे म्हणाल्या, "आजोबा, रकाने दोनच आहेत. 'थांबावं लागतं' आणि 'थांबावं लागत नाही'. 'थांबावंसं वाटतं' असा रकाना नाही."

मी म्हणालो, मग करा.

त्या म्हणाल्या, "तो डॉक्टरच करू शकतात. आणि दाखल्याचं म्हणाल तर गाडी चालवण्याचा देतो, विम्याचा देतो. उभं राहण्याचा दाखला कधी कुणी मागितलेला नाही."

माझा त्या मुलीवर राग नाही. पण आपल्या अभ्यासात एक माणूस आपण बरा केला आहे आणि तो नापास म्हणून लटकतो आहे, हे आपल्याही दृष्टीने योग्य नाही. उद्या आपण तो अभ्यास छापाल. परदेशातले डॉक्टर वाचतील. त्यांना काय कळणार की त्या लाल ठिपक्यांतला एक हिलेखोंडामुळे आहे?

१२. दाखल्याचा मसुदा आपल्या सोयीसाठी मीच करून देतो. शब्द आपण बदलू शकता.

'दाखला देण्यात येतो की श्री. एखबर्ट वेसेलिंक यांच्या उजव्या पायातील नळी मोकळी असून ते हाटेमच्या संपूर्ण बाजारपेठेतून एकदाही न थांबता जाऊ शकतात. सबब ते ज्या ठिकाणी थांबतात, त्या ठिकाणी थांबण्याचे कारण पायात नसून अन्यत्र आहे.'

'अन्यत्र' या शब्दावर मी बराच विचार केला. त्याहून स्पष्ट शब्द आपल्या शिक्क्याखाली शोभणार नाही असे वाटते. पण आपणांस शोभत असेल तर माझी हरकत नाही.

१३. अर्ज येथे संपवायचा होता. काल रात्री सहीही करणार होतो. पण एक बाब नमूद करायची राहिली आहे आणि ती न सांगता सही करायला हात उचलत नाही.

गेल्या आठवड्यात श्रीमती ब्राखमान यांनी वोपकेबरोबर एक पातेले पाठवले. थंडी पडली की आपल्याकडे करतात तो बटाट्यात घोटलेला हिरवा पाला, वर सॉसेज. पातेल्याबरोबर निरोप होता, "त्याला म्हणावं, एकट्यापुरतं करताच येत नाही, उरलं म्हणून पाठवलंय." जवळजवळ दोन वर्षांनी आलेला हा पहिला निरोप. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेणाऱ्याने हिरवा पाला बेताने खावा, नाहीतर गोळ्यांचा जोर चालत नाही, हे रक्ततपासणीच्या बाईने मला शंभर वेळा बजावले आहे. पण पातेले परत पाठवले असते तर तिसरे अक्षर कुठले आले असते? मी खाल्ले. सगळे खाल्ले. पातेले घासून परत पाठवले तर दुसऱ्या दिवशी ते भरून आले. असे चार दिवस चालले.

सोमवारपासून पोटरीत कळ येते आहे. पूर्वीसारखीच. ती आता दुकानापर्यंत पोचूच देत नाही, अलीकडे बँकेसमोरच येते. सोमवारपासून मी बँकेसमोर न थांबता, ओठ चावत पुढे जातो आणि दुकानासमोर उभा राहतो. रोज. तिथे पोचल्यावर चेहरा सरळ ठेवतो. काल त्यांनी विचारले, "पाय का?" आणि त्यांचा आवाज या वेळी खोटा गोड नव्हता. मी म्हणालो, "नाही. पाय नाही." कळ डोळ्यांपर्यंत आली होती.

डॉक्टरसाहेब, मला भीती वाटते. आपणच सांगितले होते की अशा उघडलेल्या नळ्यांतल्या पुष्कळ पुन्हा बंद पडतात आणि दुसऱ्यांदा विरघळवणे पहिल्यासारखे साधेलच असे नाही. पायाची भीती आहेच. पण त्याहून मोठी भीती ही की पाय गेला तर मी जन्मभर तिच्या दारात बसून राहिलो तरी तिला वाटेल पायामुळे बसलोय. मग मला हे सिद्ध करायला काही उरणारच नाही. म्हणून विनंती आहे की दाखला कृपया सप्टेंबरच्या तारखेने द्यावा. सप्टेंबरात नळी मोकळी होती, हे आपणच पाहिले आहे. दाखला हातात आला की मी लगेच तपासणीला हजर होईन. आधी दाखला, मग पाय. हा क्रम मी विचार करून ठरवला आहे.

आपण दोन वर्षांपूर्वी मला एकदा चालवलेत. आता एकदा थांबू द्यावे, एवढेच मागणे.

आपला आज्ञाधारक रुग्ण,

(सही)
एखबर्ट वेसेलिंक
निवृत्त पूलरक्षक, हाटेम

सोबत : १) सप्टेंबरच्या सोनोग्राफीची प्रत.
२) 'न थांबता' खाली रेघ असलेली सूचना, मूळ प्रत. परत मिळावी.
३) दाखल्याचा मसुदा, दोन प्रती.

ता.क. (दुसऱ्या हस्ताक्षरात)

डॉक्टर,

मी हिलेखोंडा ब्राखमान. पातेलं न्यायला आले तर हा माणूस एक पाय बाकावर ठेवून अर्जाचं पाकीट चिकटवत होता. वर माझं नाव दिसलं म्हणून काढून वाचलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला कळतं. पण माझ्याबद्दलचं असेल तर ते माझंही आहे.

दाखलाबिखला काही नको. माझा नवरा गेला त्याआधी सहा वर्षं त्यालाही हेच पाय होते. बाजारात चालताना कोण माणूस काचेत बघतोय आणि कोण कळ जिरवतोय हे मला लांबून ओळखू येतं. एखबर्ट पहिल्या दिवशी माझ्या काचेपुढे उभा राहिला तेव्हाच मला कळलं होतं की पाय आहे. म्हणून तर स्टूल आणलं. मी काय त्याला कंबरपट्टे बघायला बसवत होते?

पायासाठी थांबला त्याचं मला कधीच काही नव्हतं. पाय बरा झाला आणि थांबला नाही, त्याचा राग आला. एवढं साधं आहे. हे याला दोन वर्षांत कळलं नाही आणि मीही सांगितलं नाही, कारण मलाही तोंड वर करून सांगायची लाज वाटली. आता लिहून टाकलं.

पाल्याचं मात्र मी याला सोडणार नाही. रक्ताच्या गोळ्या चालू आहेत हे सांगायला याला तोंड नव्हतं? चार पातेली ओरपली. मी म्हटलं बिचाऱ्याला आवडलं. मूर्ख कुठला. आणि मीही मूर्ख, विचारायला हवं होतं.

मी त्याचा मोजा काढून पाय हातात घेतला. बोटं गार आहेत, टाचेपर्यंत गार. माझ्या नवऱ्याचा पाय असाच गार झाला होता आणि आम्ही सोमवारपर्यंत वाट पाहिली होती. ही वाट मी पुन्हा बघणार नाही. म्हणून अर्ज टपालात टाकला नाही. वोपकेच्या माशाच्या गाडीत याला घालून आणलाय, वासाबद्दल माफ करा. हे मी तुमच्या दारासमोर उभी राहून, भिंतीला कागद लावून लिहितेय.

तुमच्या औषधाने नळी किती वर्षं मोकळी राहते ते तुम्ही मोजा, तुमचं ते काम आहे. आम्हाला जेवढी मिळतील तेवढी चालतील. तक्त्यात याला लाल करा नाहीतर हिरवा, ते सावकाश करा. एखबर्ट बाहेर बाकावर बसलाय, माझा हात धरून, आणि तुमच्या खिडकीतल्या मुलीला सांगतोय की घाई नाही. घाई आहे. आधी त्याला आत घ्या.

हि. ब्राखमान